पान बासष्ट

केदार सरांचा फोन मंगळवारी दुपारी दीडला आला. एरवी ते सगळ्यांना एकत्र बोलावतात. त्या दिवशी त्यांना मी एकटाच हवा होतो. मी जेवणावरून उठलो, हात धुतला, लॅपटॉपसमोर बसलो आणि खोलीचं दार लोटून घेतलं. समोरच्या खोलीत माझी सून स्नेहल त्याच कंपनीचं काम करत बसली होती. तिचंही दार लोटलेलंच होतं.

केदार सरांना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांचा कॅमेरा बंद असतो, आमचा चालू ठेवावा लागतो. आवाजावरून पस्तिशीचे असावेत. ते मला वामन सर म्हणतात, मी त्यांना केदार सर म्हणतो. सात महिन्यांत आमचे वरिष्ठ दोनदा बदलले. पहिल्याने सांगितलेलं दुसऱ्याने चूक ठरवलं आणि दुसऱ्याच्या चुकीची उत्तरं आम्ही केदार सरांना दिली.

काम तसं माझ्या जोगतं होतं. औषधांच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, त्याचं मराठी तपासायचं. बोईसरच्या एका औषध कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं नोंदी सांभाळल्या. कोणत्या घाणीचं, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाचं, तापमान किती वाजता किती होतं, कोणी पाहिलं, कोणी सही केली, हे सगळं माझ्या कपाटात असायचं. स्नेहल या कंपनीत आधीपासून होती, तिनेच माझं नाव सुचवलं. परीक्षेत मला चांगले गुण मिळाले. अजूनही मला वाटतं की ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

त्या दिवशी केदार सरांनी आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाले की स्नेहल मॅडमचा ठिपका रोज दुपारी तीन ते पावणेचार पिवळा असतो.

ठिपक्याबद्दल सांगायला हवं. कंपनीच्या लॅपटॉपवर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. कळा दाबल्या जात असतील, माउस हलत असेल, तर तो हिरवा. पाच मिनिटं काही हललं नाही तर पिवळा. आपण विचार करत असलो तरी पिवळाच. मी एक परिच्छेद तीनदा वाचून मग कळेला हात लावणारा माणूस. पहिल्या महिन्यात माझा ठिपका पिवळाच असायचा आणि रोज सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर तसं वाचून दाखवलं जायचं. नंतर तो सुधारला. दुपारभर हिरवा राहू लागला. मला वाटलं, या वयातही सवय लागते माणसाला.

"घरातली गोष्ट म्हणून विचारत नाही, सर," केदार सर म्हणाले, "टीमची म्हणून विचारतोय. लोक बाहेरची कामं घेतात. त्या पाऊण तासात मॅडम काय करतात, एवढंच बघा. महिनाअखेर टीममधून एक नाव कमी करायचंय. चुकीचं नाव जायला नको."

मी बघतो म्हणालो. का म्हणालो ते मला नीट सांगता येणार नाही. मला नकार देता येत नाही, हे एक. दुसरं असं, की त्यांनी मला विश्वासात घेतलं होतं, आणि तसं मला फार लोकांनी घेतलेलं नाही.

जाताजाता ते म्हणाले, "आणि तुमची ती वही आहेच."

वहीचं असं झालं होतं. कारखान्यातल्या सवयीने मी एक जाड बांधीव वही आणली आणि पहिल्या दिवशीच तिच्या पानांवर एक ते दोनशे आकडे घातले. आकडे घातलेल्या वहीतलं पान फाडता येत नाही. फाडलं तर ते नाहीसं झालेलं दिसतं. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. कंपनीतून तोंडी आलेली प्रत्येक सूचना मी त्या वहीत वेळेसह लिहीत होतो. एकदा केदार सर सगळ्यांसमोर म्हणाले की असं मी कधी सांगितलंच नव्हतं. मी भीत भीत पान उघडून वाचलं. बारा तारीख, अकरा वाजून वीस मिनिटं. मग त्यांनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं आणि दर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या आठवड्याच्या पानाचा फोटो पाठवायला सांगितला. तेव्हापासून दर आठवड्याला एक पान जात होतं. मागच्या शुक्रवारी एकसष्ट गेलं होतं.

स्नेहलला हे विचारून मोकळं होता आलं असतं. पण कंपनीने आमच्याकडून एका कागदावर सही घेतली होती, की सहकाऱ्यांनी कामाबद्दल आपसात बोलू नये. एका घरात राहणाऱ्या दोघांना तो नियम कसा लावायचा, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. मी तो अक्षरशः पाळत होतो आणि माझ्यामुळे तीही पाळत होती. जेवताना आम्ही वालाच्या भाजीबद्दल बोलायचो. माझा मुलगा धर्मेश बोईसरला पाळीवर जातो. तो एकदा ताटावर म्हणाला, या घरात दोन कंपन्या असत्या तर जास्त बोलणं झालं असतं.

आणि तिची नोकरी जाणं काय असतं ते मी पाहिलं होतं. आधी ती बोईसरमध्ये एका प्रयोगशाळेत होती. ती बंद पडल्यावर दीड वर्ष ती घरी होती. त्या दीड वर्षात तिचं बोलणं हो आणि नाही एवढ्यावर आलं होतं. अंधार पडला तरी दिवा लावायची नाही. हे काम लागलं आणि तिने स्वतःसाठी टेबल आणलं, टेबलावर झाकण असलेला तांब्या आणून ठेवला. मला तो तांब्या दिसला की बरं वाटायचं.

तरी बुधवारी मी पाळत ठेवायची ठरवली. अडचण एकच होती. तीन ते पावणेचार मी झोपतो. मान्य करायला लाज वाटते, पण जेवणानंतर खुर्चीत बसलो की डोळे मिटतात, मग मी शेजारच्या खाटेवर आडवा होतो. दहा मिनिटं, असं मी स्वतःला सांगतो. बुधवारी जागं राहायचं ठरवून झोपलो. उठलो तेव्हा पावणेचार झाले होते आणि माझी खुर्ची टेबलाशी तिरकी होती. मी ती तिरकी ठेवत नाही. चष्मा मी वहीवर ठेवला होता, तो वहीच्या बाजूला होता. वही कुणी उघडली होती का, ते कळत नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी स्नेहलकडे पाहत होतो. ती माझ्याकडे पाहत नव्हती, तेही माझ्या लक्षात आलं. एरवी कधी पाहते का, हे मला आठवेना.

गुरुवारी दाढेखाली लवंग धरली आणि भिंतीकडे अर्धं तोंड करून खाटेवर पडलो. बाहेर सातपाटीची रखमा कोळीण बोंबील घेऊन हाका मारत गेली. एकदा बैठकीत तिची हाक ऐकून केदार सरांनी विचारलं होतं की तुम्ही घरून काम करता की बाजारातून. तीनला दोन मिनिटं कमी असताना दार हळूच उघडलं. स्नेहल आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी श्वास झोपेतल्यासारखा केला. ती माझ्या खुर्चीत बसली आणि माझ्या लॅपटॉपवर काम करू लागली.

पाऊण तास मी तिच्या पाठीकडे पाहत होतो. मध्येच ती थांबायची, मागे वळून माझ्याकडे पाहायची, पुन्हा कळा वाजायच्या. तिला माझा पासवर्ड ठाऊक होता. तिनेच तो घालून दिला होता. ती माझ्या नावाने काय लिहीत असेल? माझ्यावर पाळत ठेवायला तिलाही कुणी सांगितलं असेल का? महिनाअखेर एकच नाव जायचं होतं, आणि आम्ही घरात दोघं होतो. शरमेची गोष्ट आहे, पण मी हा हिशेब तिथेच पडल्या पडल्या केला.

ती गेल्यावर मी उठलो आणि वही उघडली. पान बासष्ट. "गुरुवार, दु. २.५८ ते ३.४४. स्नेहल यांनी माझ्या नावावर माझ्या लॅपटॉपवर काम केले. मी परवानगी दिलेली नव्हती." सही, तारीख.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने तिला हाक मारली असती. मला आधी पेन सुचलं. कारखान्यात एकाच्या नावावर दुसऱ्याने काम करणं याहून मोठा गुन्हा नव्हता. अंकुश नावाचा एक ऑपरेटर होता. शेजारच्या माणसाचं मूल आजारी म्हणून त्याने एका रात्री त्याच्या तापमानाच्या सह्या केल्या. अक्षर वेगळं आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी तशी टीप लिहिली. चौथ्या दिवशी अंकुशला काढलं. पुढे तो मला बोईसर बाजारात भेटला तेव्हा त्याने हसून, राऊतसाहेब बरे आहात ना, विचारलं होतं. तेवढंच.

शुक्रवारी आमच्याकडे लाईट नसते. कारखान्यांची सुट्टी आणि लाइनची दुरुस्ती, दोन्ही त्याच दिवशी. सकाळी जाते ती संध्याकाळी पाचला येते. हे पालघरपासून बोईसरपर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत, पण कंपनीला पटत नाही. सुरुवातीला त्यांनी पुरावा मागितला. नसलेल्या विजेचा फोटो कसा काढायचा? स्नेहलने थांबलेल्या पंख्याचा पाठवला. केदार सर म्हणाले, पंखा बंदही करता येतो.

लाईट नाही म्हणून मी ओटीवर जाऊन बसलो. माझी बायको हिरा सुपात वालाच्या शेंगा सोलत होती. मी दोन शेंगा हातात घेतल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की स्नेहल दुपारी माझ्या खोलीत येते का.

"येते ना," हिरा म्हणाली. "रोजच येते. तुमी घोरायला लागले की."

"कशाला?"

"तुमच्या डब्याची बत्ती हिरवी ठेवायला." हिरा लॅपटॉपला डबा म्हणते. "तुमाला काय वाटलं, तुमी झोपेत काम करता?"

मी शेंग सोलत राहिलो. दाणे सुपाच्या बाहेर पडले ते तिने वेचून घेतले.

हिराने मग सांगितलं ते असं. पहिल्या महिन्यात सकाळच्या बैठकीत माझं नाव वाचलं जायचं, त्यानंतर मी जेवायचो नाही. ते स्नेहलने पाहिलं. तेव्हापासून ती दुपारी माझी राहिलेली पानं पुरी करत होती. धर्मेशला माहीत होतं. शेजारच्या हंसालाही माहीत होतं. घरात ठाऊक नव्हतं ते मला एकट्याला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

हिराने हातातली शेंग खाली ठेवली. "सांगितलं असतं तर तुमी वहीत लिवलं असतं," ती म्हणाली.

मी उठून खोलीत गेलो. लॅपटॉपमध्ये थोडी बॅटरी शिल्लक होती. कंपनीच्या फाइलमध्ये कोणी कधी काय बदललं याचा इतिहास राहतो. मी तो कधी उघडला नव्हता, कारण स्वतःचं काम तपासायची मला भीती वाटते. गुरुवारी सकाळी लहान मुलांच्या एका औषधाचा कागद मी तपासून संपवला होता. त्यात मात्रा पाच मिलीलीटर छापलेली होती. मूळ कागदावर अर्धा मिलीलीटर. शून्य आणि दशांशचिन्ह गळलं होतं आणि मी तीनदा वाचूनही ते सोडून दिलं होतं. तीन वाजून बावीस मिनिटांनी ती मात्रा दुरुस्त झाली होती. पुढे नाव होतं, वामन राऊत.

मागे मागे गेलो. बुधवार, मंगळवार, मागचा आठवडा. दुपारी तीन ते पावणेचारमधल्या सगळ्या दुरुस्त्या माझ्या नावावर होत्या, आणि त्यातली एकही मी केलेली नव्हती. मग बॅटरी संपली.

बासष्टावं पान मी बराच वेळ पाहत बसलो. नोंद खरी होती. वेळ बरोबर होती, सही माझी होती, एकही शब्द चुकलेला नव्हता. सरळ रेघ मारली असती तरी खालचं वाचता आलं असतं, रेघेचा नियमच तो आहे. शेवटी मी पट्टी लावून पान फाडलं. शिवणीशी एक अरुंद पट्टी राहिली. पानाचे तुकडे मी चुलीजवळ पेटवणासाठी ठेवलेल्या पातेऱ्यात, सुक्या पानांत, टाकले. हिराने पाहिलं.

पाचला लाईट आली आणि सव्वापाचला केदार सरांचा फोन. म्हणाले, "पान आलं नाही, सर."

मी म्हणालो की मॅडम त्या वेळी जागेवरून उठतात ते माझ्यामुळे. घरात म्हातारा माणूस आहे, दुपारी त्याच्याकडे बघावं लागतं. बाहेरचं काम वगैरे काही नाही.

"तुम्हाला काय होतं त्या वेळी?"

"झोप लागते. रोज. तीन ते पावणेचार."

त्यांच्या बाजूला कळा वाजल्याचा आवाज आला. मग ते फार सावकाश म्हणाले, "पण त्या वेळी तुमचा ठिपका हिरवा असतो. रोज. झोपेत?"

हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं. टेबलावर माझा जुना शब्दकोश होता, पाठीला कापडी पट्टी लावलेला, पावणेदोन किलोचा. माझी नजर त्याच्यावर गेली.

"मी कळांवर शब्दकोश ठेवतो," मी म्हणालो.

"काय ठेवता?"

"शब्दकोश. जाड आहे. कळ दाबलेली राहते."

हे त्यांनी मला लिहून द्यायला सांगितलं. मी वही उघडली, पान त्रेसष्ट, आणि लिहिलं की मी रोज दुपारी झोपतो, त्या वेळी कळफलकावर शब्दकोश ठेवून कंपनीची फसवणूक करतो, आणि ही गोष्ट माझ्या सुनेला माहीत नाही. सही, तारीख, वेळ. अठ्ठावीस वर्षं आणि वर हे सात महिने धरून माझ्या हातची ही पहिली खोटी नोंद. अक्षर मात्र नेहमीपेक्षा चांगलं आलं. फोटो काढला आणि पाठवला.

आता आकडा दिसेल, असं मला वाटत होतं. मागच्या शुक्रवारी एकसष्ट, या शुक्रवारी त्रेसष्ट. आमच्याकडे तपासनीस यायचे त्यातल्या कुणीही पहिल्यांदा तेच विचारलं असतं. आणि फाइल उघडून तीन बावीसची दुरुस्ती पाहिली असती, तर शब्दकोशाला दशांशचिन्ह कसं देता येतं, हेही त्याने विचारलं असतं. मी फोन कानाला धरून वाट पाहत होतो. केदार सरांनी एवढंच म्हटलं की वयाने मोठ्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. महिनाअखेरच्या नावाचा प्रश्न सुटला. सोमवारी लॅपटॉप न्यायला माणूस येईल.

इतके महिने दर आठवड्याला ते पान मागत होते. ते कुणी वाचत नव्हतं.

फोन ठेवण्याआधी त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. "एक सांगू, सर? तुम्ही मॅडमना वाचवताय असं वाटतंय. पण त्याही आम्हाला तुमच्याबद्दल लिहीत होत्या. दर आठवड्याला. दोन महिने. काय लिहिलंय ते ऐकायचंय?"

समोरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून काहीच आवाज येत नव्हता. ती ऐकत असेल का, हेही मला कळत नव्हतं.

"नको," मी म्हणालो.

सोमवारी माणूस आला, लॅपटॉप घेऊन गेला. टेबलावर त्याच्या आकाराचा चौकोन स्वच्छ राहिला. धर्मेशने काही विचारलं नाही, हिराने त्याला सांगून ठेवलं असावं. स्नेहल त्या दिवशी दोनदा माझ्या दारापर्यंत येऊन परत गेली.

मंगळवारी तीनला तिने दार उघडलं. स्वतःचा लॅपटॉप हातात होता. मी खाटेवर बसलो होतो.

"बाबा, कळ इतका वेळ दाबून ठेवली तर पानंच्या पानं एकाच अक्षराने भरतात," ती म्हणाली. "केदार सरांना तेवढंसुद्धा समजलं नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. सकाळच्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं. नियम काढलाय, टेबलावर जाड पुस्तक ठेवायचं नाही." ती हसली, मग थांबली. "तुमचं पान स्क्रीनवर दाखवलं. त्रेसष्ट आकडा होता त्यावर."

ती माझ्याकडे पाहत होती. तिला आकडा दिसला होता. बासष्टवर काय होतं, हे ती विचारेल असं वाटलं, आणि मी तिला विचारीन, की तू दोन महिने काय लिहीत होतीस, असंही क्षणभर वाटलं. दोन्ही प्रश्न खोलीत होते. हिरा ओटीवरून रखमाला सांगत होती की आजचे बोंबील कालचे दिसतात.

"माझ्या खोलीत रेंज नाही नीट," स्नेहल म्हणाली. "इथे बसू का? तुम्ही झोपा."

तिच्या खोलीत रेंज चांगली असते, ते मला माहीत आहे. मी बस म्हणालो. ती माझ्या खुर्चीत बसली, खुर्ची जरा तिरकी करून घेतली. मी भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. दाढेखाली लवंग नव्हती. कळा वाजायला लागल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या. थांबल्या की मला वाटायचं, ती वळून माझ्याकडे पाहतेय. काय लिहीत असेल, असं मनात आलं. दुसऱ्यांदाही आलं. तिसऱ्यांदा येईपर्यंत माझा डोळा लागला असावा, कारण पुढचं मला आठवत नाही.